काचेचं कपाट

दर फेब्रुवारीत मी हे कपाट पुसते,
आधी ओल्या फडक्यानं, मग वर्तमानपत्राच्या बोळ्यानं.
डीनबाईंची यादी आलेली असते :
आमच्या प्राध्यापकांचं यंदाचं लेखन, राजकारण आणि समाज.
सात पुस्तकं, अकरा निबंध,
गोठल्या नदीवरचा एक माहितीपट
(त्याची नुसती डबी ठेवायची, उघडी),
आणि गणिताच्या कोर्मिए सरांच्या कविता,
ज्यांत मतमोजणीच्या रात्रीचे आकडे
रुसल्या भावांसारखे शेजारी शेजारी बसतात.

खिडकीतून गिरणीची चिमणी दिसते.
नऊ वर्षं झाली, तिच्यावर आता फक्त बर्फ धरतो.
इथे कागद व्हायचा.
मेन राज्याच्या या टोकाला आम्ही धुतलेले कपडे
त्या कुजक्या वासासकट घडी करायचो
आणि वासाबद्दल कुणी बोललं की भांडायचो.

मधल्या फळीवर, जरा उंच, हॉगलंड बाईंचं पुस्तक.
विषय : गिरणी बंद पडल्यानंतरचं गाव.
किंमत पंच्याण्णव डॉलर.
गावच्या वाचनालयानं विचारून ठेवून दिलं.

ओदिलों पेल्टिए रात्री दहाला फरशी पुसायला येतो.
सत्तावीस वर्षं तीन नंबरच्या मशीनवर होता.
त्यानं पुस्तक उघडलं, पण वाचलं नाही.
पानाचा कोपरा अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळला,
दिव्यासमोर धरला.
म्हणाला, बाहेरचा माल.
आणि धागा आडवा गेलाय बघ, बांधताना चुकलेत.
पाच वर्षांत कणा मोडेल.

मग हळूच : यात मी कुठे आहे?

बाई दोन हिवाळे त्याच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या,
टेबलावर रेकॉर्डर, शेजारी बकव्हीटची धिरडी.
रोझान गरम गरम वाढत होती
आणि मुद्दाम भांडी वाजवत नव्हती.
आम्ही शोधलं. पान एकशे त्रेचाळीस.
प्रतिसादक क्रमांक चौदा, नाव बदललेलं : गॅरी.

गॅरी?
आमच्या सात पिढ्यांत गॅरी नाही, तो म्हणाला.
आणि हे मी फ्रेंचमध्ये सांगितलं होतं.

पुढे लिहिलं होतं की भोंगा थांबल्यावरही
गॅरी पावणेपाचला जागा होत राहिला,
आणि ही शरीरात साठलेली सामूहिक स्मृती होय.
ओदिलोंनं ते दोनदा वाचलं, ओठ हलवत.
बरोबर आहे, म्हणाला. चांगलं लिहिलंय.
पण कुत्रं कुठे गेलं?
आधी कुत्रं उठायचं. दाराशी जाऊन बसायचं.
मी उठायचो ते त्याला खोटं पाडू नये म्हणून.

त्यानं बादली उचलली.
त्या रात्री जिना त्यानं दोनदा पुसला.

सकाळी मी सगळ्या चिठ्ठ्या छापल्या :
नाव, लेखक, विभाग.
आणि एक जादा, त्याच टंकात, त्याच मापाची :
कागद बाहेरचा. धागा आडवा.
एक कुत्रं राहून गेलं आहे.
— ओ. पेल्टिए, मशीन क्रमांक तीन.

नोकरी जाईल का, हा विचार आला होता.
तो मी जेवणाच्या डब्याबरोबर कपाटात ठेवला, माझ्या.

हॉगलंड बाई दुपारी आल्या, हातमोजे न काढता.
वाकून वाचलं.
मी परत आलेल्या पुस्तकांच्या गाडीमागे उभी,
हात उगाच पुस्तकांवर.
बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या,
कुत्रं टेपवर आहे.
पंजे वाजतात फरशीवर, स्पष्ट.
संपादक म्हणाले, याचा मुद्दा काय?
मला सांगता आलं नाही.

चिठ्ठी काढा, असं त्या म्हणाल्या नाहीत.
राहू दे, असंही नाही.
विचारलं, तो कधी येतो?

दहाला, मी म्हटलं.
त्या जाऊन खुर्चीत बसल्या.
तेव्हा सव्वातीन वाजले होते.